भार कुणावर? आळंदी ते पंढरपूर, मुक्कामामुक्कामाने

वारीचा दिवस पंचांग ठरवते, पाऊस नव्हे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान, आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर, एकादशीला चंद्रभागा. तिथी ठरलेली, तिच्या भोवतीचे ऋतुमान मात्र दरवर्षी वेगळे. २०२३ साली प्रस्थान ११ जूनला होते. मोसमी पाऊस मुंबई-पुण्यात पोहोचेपर्यंत जूनचा शेवटचा आठवडा उजाडला, आणि तोवर पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरलेली होती. त्या वर्षी शेकडो गावांतले लोक पेरणी न करताच निघाले होते. २०२५ मध्ये उलटे झाले. पाऊस मे महिन्यातच आला आणि १९ जूनच्या प्रस्थानाला वाटेत सगळीकडे चिखल. अधिक मास आला की सगळे आणखी पुढे सरकते. २०२६ च्या पंचांगात ज्येष्ठ अधिक असल्याने आषाढी थेट २५ जुलैवर जाते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वर्षातली सगळ्यात अवघड वेळ. सोयाबीन पेरायचे तर आधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरलेला हवा. त्याआधी घाई केली तर बी कुजते किंवा उगवून करपते आणि दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो. अशा वेळी घर-रान सोडून अठरा-वीस दिवस चालायला निघायचे, याला आपल्याकडे 'देवावर भार घालणे' म्हणतात. या वाटेवर त्या शब्दाचा अर्थ रोज पहाटे नव्याने कळतो, कारण पहाटे पहिले काम भार वाटून देण्याचेच असते: काय ट्रकमध्ये टाकायचे आणि काय स्वतःच्या खांद्यावर ठेवायचे.

प्रस्थान, ज्येष्ठ वद्य अष्टमी: आळंदी

आदल्या दिवशीच आपापल्या दिंडीत दाखल व्हावे. दिंडीची भिशी भरली की जेवण, राहुटीतली जागा आणि सामानाच्या ट्रकची सोय होते. नाव, गाव, घरचा फोन, रक्तगट, चालू असलेली औषधे आणि दिंडीचा क्रमांक एका जाड कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवावे. क्रमांक लिहिताना 'रथापुढे' की 'रथामागे' हे न विसरता लिहावे. रथापुढे २७ दिंड्या असतात, रथामागे कितीतरी अधिक, आणि नुसता आकडा सांगून कुणीच सापडत नाही.

पिशव्या दोन. मोठीत दोन जोड कपडे, चादर, सतरंजी, ताट-वाटी-तांब्या. वजन आठ किलोच्या आत. तिच्यावर रंगाने नाव आणि दिंडी क्रमांक. लहान शबनम खांद्यावर, दोन किलोच्या वर नको. तिच्यात पाण्याची बाटली, रेनकोट किंवा इरले, मोज्यांचा कोरडा जोड, खोबरेल तेल, टाळ, हरिपाठाची पोथी, दोन दिवसांच्या गोळ्या आणि थोडी साखर. नवख्यांची चूक इथेच होते. रेनकोट मोठ्या पिशवीत राहतो, पिशवी ट्रकमध्ये जाते, ट्रक पुढच्या मुक्कामी जातो आणि पाऊस दहा वाजता येतो. पहाटे ट्रकमध्ये टाकलेली वस्तू संध्याकाळपर्यंत आपली नसते, हे पहिल्या दिवशीच मनाशी धरावे.

प्रस्थान दुपारनंतर सुरू होते आणि पालखी मंदिराबाहेर यायला रात्र होते. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व मंदिरात येतात. एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा म्हणून मोकळा. गाभाऱ्यापर्यंत जाण्याचा हट्ट धरू नये. मानाच्या दिंड्यांनाच आत वाव असतो आणि आळंदीच्या गल्ल्या अरुंद आहेत. पहिली रात्र पालखी आळंदीतच, आजोळघरी थांबते.

नवमी आणि दशमी: पुणे

पहिलीच मजल सुमारे ३० किलोमीटरची, तीही डांबर आणि काँक्रीटवरून. शरीर ताजे असते, उत्साह भरपूर असतो, आणि त्यामुळेच पायाचे वाटोळे याच दिवशी होते. फोड चालण्याने येत नाही. ओला मोजा आणि कातडी एकमेकांवर घासून येतो. म्हणून दर दोन तासांनी पाय मोकळे करायचे, पुसायचे, बोटांच्या बेचक्यात आणि मांड्यांना खोबरेल लावायचे. टाच किंवा चवडा गरम लागायला लागला की तीच सूचना समजावी आणि तिथल्या तिथे चिकटपट्टी लावावी. पादत्राण किमान दोन महिने वापरलेले हवे. मागे पट्टा असलेली सँडल सगळ्यांत बरी. कापडी बूट एकदा भिजले की तीन दिवस वाळत नाहीत.

फोड आलाच तर पुष्कळ जण सुईने दोरा ओवून तसाच आत ठेवतात. पाणी निघून जाते खरे, पण त्याच दोऱ्यावाटे चिखल आत जातो आणि जेजुरीपर्यंत पू होतो. सुई गरम करून, निवू देऊन, फोडाच्या कडेला टोचावी. पाणी दाबून काढावे, वरची कातडी ओरबाडू नये, मलम लावून पट्टी करावी. वाटेवरच्या आरोग्य पथकांत हे फुकट करून मिळते.

पुण्यात माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरतात. दोन रात्रींचा मुक्काम. शहर हात सैल सोडून खाऊ घालते: केळी, शिरा, बिस्किटे, चहा, कापलेली फळे. वारीतले बहुतेक पोटाचे आजार उपासमारीने होत नाहीत, या लाडाने होतात. उघड्यावर कापून ठेवलेले फळ घेऊ नये. दिलेले नाकारणे जिवावर येते. मग कपाळाला लावून पुढच्याच्या हातात द्यावे.

एकादशी: दिवे घाट, सासवड

संपूर्ण वाटेतला हा कठीण दिवस. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबाराय सोलापूर रस्त्याने लोणीकडे जातात, माउली सासवडच्या रस्त्याला लागतात. सुमारे ३० किलोमीटर, मध्ये दिवे घाट, आणि त्यात योगिनी एकादशीचा उपवास.

घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. लाखो लोकांचे दैवत असलेला रथही चढाला मदत घेतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. हे डोळ्यांसमोर असताना दुसऱ्याचा हात धरायला कुणी लाजू नये.

उपवास आणि चढ एकत्र आले की सांभाळायचे ते मधुमेहींनी. सकाळी नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि पोटात नुसता चहा असला तर वडकीच्या पुढे साखर झपाट्याने उतरते. अचानक घाम, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड ही लक्षणे. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी, पंधरा मिनिटे बसवावे, मग राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाणे खायला द्यावेत. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नये, रुग्णवाहिका बोलवावी. एकादशीला गोळी कशी घ्यायची हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. विठ्ठलावर भरवसा आहे म्हणून गोळी बंद करणारे दरवर्षी दिसतात. हा भरवसा नाही. खांद्यावरच्या शबनममध्ये ठेवायची वस्तू त्यांनी ट्रकमध्ये टाकलेली असते.

घाम खूप गेला की नुसते पाणी पुरत नाही. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर उलट त्रास होतो.

घाटमाथ्यावर वारे आणि पाऊस एकदमच भेटतात. खाली मस्तानी तलाव दिसतो, मागे वळून पाहिले की वळणावळणाने भगव्या पताका चढत असतात. थांबावेसे वाटते, पण घामेजल्या अंगाने वाऱ्यात उभे राहू नये.

द्वादशीला सासवडलाच मुक्काम. इथे सोपानकाकांची समाधी आहे. हा दिवस दर्शनाचा, आणि तितकाच कपडे धुण्याचा, चपलेची वादी शिवून घेण्याचा आणि झोपेचा. ज्याने हा दिवस फिरण्यात घालवला त्याला लोणंदच्या आधी ताप येतो.

त्रयोदशी, चतुर्दशी: जेजुरी, वाल्हे

सासवड ते जेजुरी १६-१७ किलोमीटर. खंडोबाच्या दारी माउलींवर भंडारा उधळतात; वैष्णवांची पालखी पिवळी होऊन पुढे निघते. डोळ्यांत भंडारा गेला तर चोळू नये, पाण्याने धुवावे. गड चढायची ओढ असतेच. गुडघे कुरकुरत असतील तर पायरीला हात लावून परतावे.

वाल्हे जेमतेम १२ किलोमीटर. मजल लहान असल्याने संध्याकाळची समाजआरती नीट उभे राहून अनुभवता येते. सगळ्या दिंड्या तळावर गोल येतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदार हातातला चोप उंच करतो. क्षणात सगळे शांत. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकार होते. कुठल्या दिंडीची काही अडचण असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार त्यांच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, तोडगा काढतात, तेव्हा टाळ थांबतात आणि आरती होते. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा यांनी १८३२ च्या सुमारास सोहळ्याला आजचे रूप दिले. त्या शिस्तीतली ही रीत सगळ्यांत मोलाची वाटते. देवापुढे उभे राहताना तक्रार गिळायची नाही. ती टाळ वाजवून सांगायची आणि कुणीतरी येईपर्यंत वाजवत राहायचे. घरच्या संकटातही इतकीच सवय लागली तरी पुष्कळ.

चुकामूक झाली तर धावत पुढे जाऊ नये. रस्त्याच्या कडेला उंचवट्यावर उभे राहून दिंड्यांचे क्रमांक मोजत राहावे. आपली दिंडी येतेच, कारण क्रम बदलत नाही. पुढे निघून गेली अशी शंका असेल तर सरळ मुक्काम गाठून समाजआरतीला पोचावे.

अमावास्येच्या सुमारास: नीरा, लोणंद

वाल्हे ते लोणंद सुमारे २० किलोमीटर. वाटेत नीरा नदी. पादुकांना स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात येते. गर्दी पाहून बाकीच्यांनी नदीत उतरण्याचा मोह आवरावा. वरच्या धरणातून पाणी सोडलेले असले तर काठ निसरडा असतो.

लोणंदला कधी एक रात्र, कधी दोन. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला की तो इथे जुळवून घेतात. २०२४ मध्ये दोन मुक्काम होते, २०२५ मध्ये एकच. म्हणून परतीचे तिकीट किंवा रजा मागल्या वर्षीच्या हिशेबाने ठरवू नये; त्या वर्षीचा कार्यक्रम हातात आल्यावरच ठरवावी.

पाऊस धरला असेल तर राहुटीची परीक्षा इथेच होते. जागा किंचित चढाची बघावी. राहुटीभोवती वीतभर खोल चर काढून उताराकडे तोंड द्यावे. खाली अंथरायच्या प्लास्टिकच्या कडा राहुटीच्या आत दुमडाव्यात. बाहेर राहिल्या तर पावसाचे पाणी त्याच कागदावरून आत येते आणि मध्यरात्री पंचवीस माणसे उभी राहतात. अशा रात्री कुणीतरी हरिपाठ सुरू करतो. उभ्या उभ्या म्हटलेल्या त्या हरिपाठात जी ऊब असते ती कोरड्या रात्रीत येत नाही.

तरडगाव, फलटण, बरड

लोणंद-तरडगाव आठ किलोमीटर, पण वेळ लागतो, कारण वाटेत चांदोबाचा लिंब आणि पहिले उभे रिंगण. दिंड्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना रांगा धरतात आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातून अश्व दौडतात. टापांखालची माती कपाळाला लावायला लोक एकदम पुढे झेपावतात, आणि चेंगराचेंगरी होते ती तेव्हा. लहान मूल कडेवर असेल तर तिसऱ्या-चौथ्या रांगेत राहावे. माती नंतरही मिळते.

फलटणपासून हवा बदलते. पश्चिमेचा ओलावा मागे राहतो आणि पर्जन्यछायेचा मुलूख सुरू होतो. आभाळ भरून येते, वारा सुटतो, पाऊस पुढे जातो. सकाळी नऊनंतर डांबर तापते. पालखी मार्ग चौपदरी होताना वाटेवरची जुनी झाडे गेली आणि दुपारच्या विसाव्याची सावली विरळ झाली. रस्ता रुंद झाल्याने गर्दी विभागली, रुग्णवाहिका लवकर पोचू लागल्या, हेही खरे. सावली गेल्याचे दुःख मात्र पायांना कळते. नवी झाडे मोठी होईपर्यंत पांढरे उपरणे ओले करून डोक्यावर घेणे आणि पहाटेची मजल वाढवणे हाच उपाय.

दिवसाची घडी आता अंगवळणी पडलेली असते. साडेतीनला उठणे, टँकरवर आंघोळ, काकडा. पहिल्या कर्ण्याला सामान ट्रकमध्ये, दुसऱ्याला दिंडीत उभे, तिसऱ्याला पालखी हलते. महिलांनी फिरत्या शौचालयांकडे तीनच्या आधी जावे. नंतर रांग लांबते आणि त्या धास्तीने पाणी कमी प्यायले जाते. मूत्रमार्गाचा त्रास होण्याचे हे नेहमीचे कारण.

बरडच्या माळावर अंथरूण-पांघरूण आणि चपला झटकूनच वापराव्यात. विंचू निघतो.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर

धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. इथून तीन मजला १८ ते २१ किलोमीटरच्या. सदाशिवनगरला पहिले गोल रिंगण, खुडूसला दुसरे. आधी पताकावाले धावतात, मग तुळशी घेतलेल्या बायका, विणेकरी, पखवाजवाले, शेवटी अश्व. डोक्यावर तुळशी वृंदावन घेऊन धावणाऱ्या साठीच्या आजीला पाहिले की आपले गुडघे आठवत नाहीत.

दहा-बारा दिवस झाले की घरची काळजी गाठते. फोनवर कळते की पाऊस नाही, किंवा फार आहे. म्हैस व्याली, पोराला ताप आहे. फोन रोज एकदाच करावा, रात्री जेवणानंतर. दर तासाला विचारल्याने तिकडचा पाऊस पडत नाही आणि इकडचे नामही तुटते. खरेच घरी हवे असाल तर परत जावे. दिंडीप्रमुखाला सांगून, विण्याला नमस्कार करून निघावे. अर्ध्यात गेलेल्याची वारी मोडली असे समजत नाहीत. पाय गेलेल्याने ट्रकमध्ये बसून पुढे यावे, तेही वारीतच.

वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा होतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. धावताना चपलेचा पट्टा घट्ट हवा आणि समोरच्याच्या खांद्यावर टाळ लागणार नाही इतके अंतर हवे.

भंडीशेगाव, वाखरी

वाटेत 'टप्पा' नावाच्या ठिकाणी माउलींची आणि सोपानकाकांची बंधुभेट. दोन पालख्या शेजारी येतात, नारळ-प्रसादाची देवघेव होते. थोडा वेळ कुणी कुणाशी बोलत नाही.

वाखरीला सगळे संतमेळे एकत्र येतात: त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई, पैठणहून एकनाथ, देहूहून तुकोबा. बाजीरावच्या विहिरीजवळ शेवटची मोठी रिंगणे होतात. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका दशमीला एसटीने आल्या. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्यांनी त्या दोन वर्षी घरीच काकडा केला, अंगणात तुळशीभोवती फेऱ्या घातल्या, एकादशी धरली. नेम पायांचा होता तो जिभेवर आला, इतकाच बदल.

दशमी, एकादशी: पंढरपूर

नामदेवराय पंढरीहून सामोरे येतात. पंढरीत शिरताना माउलींची पालखी सर्वांत शेवटी असते. एकादशीला चंद्रभागेचे स्नान आणि नगरप्रदक्षिणा. वाळवंटात वाळू उपसल्याचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातच बसून तांब्याने अंगावर घ्यावे, म्हाताऱ्यांना दोघांनी धरावे.

पदस्पर्शाच्या रांगेत दिवस-रात्र जाऊ शकते. बहुतेक जुने वारकरी रांगेत जात नाहीत. नामदेव पायरीला माथा टेकतात, कळसाला हात जोडतात आणि वाळवंटात कीर्तनाला बसतात. नवख्याला वाटते, इतके चालून विठ्ठलाचे तोंडही पाहिले नाही? त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही राहून गेल्याची खूण नसते.

द्वादशीला पारणे. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, लाह्या-दही एकमेकांच्या तोंडात घालतात आणि पालख्या परतीला लागतात. परतवारीला माणसे थोडी असतात. बाकीचे एसटी गाठतात. पिशवीत चुरमुरे, बत्तासे, बुक्का, एखादी तुळशीची माळ. पिशव्या आता स्वतःच उचलायच्या, ट्रक नाही. निघण्याआधी पेरून आलेल्याचे सोयाबीन या वेळी वीस दिवसांचे झालेले असते. पहिली कोळपणी आता लांबवता येत नाही, आणि वाफसा असेल तर दुसऱ्याच दिवशी सकाळी बैल जुंपावे लागतात.